चिवड्याच्या दोरीचं प्रकरण

सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता आमचे आण्णा गेवराईच्या भाजी बाजारात मेथीच्या ढिगावर बसले. स्वतःच्या मर्जीनं न्हाई. त्यांना चिवड्यानं बसवलं.

चिवडा म्हंजी आमचं कुत्रं. वय अकरा महिने. अंगावर पिवळं, तांबडं, काळं सगळं कालवलेलं, म्हणून चिवडा. त्याची माय आमच्याच गल्लीतली. बाप एका पेट्रोल पंपवाल्याचा लॅब्राडोर, असं लोक म्हणतात. पंपवाला कबूल करत न्हाई, पण चिवडा समोर आला की एकदा त्याच्या तोंडाकडं बघतो अन् मग दुसरीकडं बघतो. त्यातून काय समजायचं ते ज्यानं त्यानं समजावं.

चिवड्यात खोट एकच. गळ्यातल्या पट्ट्याला दोरी लावली की तो ओढतो. थोडंथिडकं न्हाई. पलीकडं कुणीतरी फुकट जमीन वाटायलंय अन् आपण उशिरा पोचलो तर सातबाऱ्यावर नाव लागायचं न्हाई, असा ओढतो. मी रोज मागं टाचा रोवून चालतो. माझ्या चपला बघा, पुढून नव्या हायेत अन् मागून संपल्यात.

त्या सोमवारी कसल्यातरी भरतीच्या फॉर्मची शेवटची तारीख होती. माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान हाय, दुकान म्हंजी एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर अन् मी. पोरांची रांग लागलेली. म्हणून मी आण्णांना म्हणलं, आजच्या दिवस तुमी चिवड्याला फिरवून आणा. आण्णा म्हणले, तेहेतीस वर्षं मी सरकारी ऑफिसात आवक-जावकचं टेबल सांभाळलं, एक कुत्रं सांभाळता येणार न्हाई का.

तर त्यांनी ते मेथीपर्यंत सांभाळलं.

लागलं बिगलं काही न्हाई. मेथी मऊ असती. पण समोर चहाच्या गाड्यावर अमरसिंह उभा होता. हा अमरसिंह आण्णांच्या हाताखाली तयार झालेला पोरगा, आता त्यांच्याच टेबलावर बसतो. त्यानं पळत येऊन आण्णांना उठवलं, पँटीची मेथी झाडली अन् म्हणला, "सर, जपून." 'लागलं का' विचारलं असतं तर आण्णांनी चालवून घेतलं असतं. 'जपून' हा शब्द रिटायर होऊन आठच महिने झालेल्या माणसाला लई लागतो.

दुपारी मला नोटीस आली. चेष्टा न्हाई, खरी नोटीस, कागदावर. आण्णा रिटायर झाल्यापासून घरात आवक-जावक रजिस्टर ठेवतात. लग्नपत्रिका आली, नोंद. गॅसची टाकी आली, नोंद. माझ्या मावशीचा फोन आला तर त्याला पण आवक नंबर पडतो अन् आईनं परत फोन लावला की जावक. त्या रजिस्टरातून जावक होऊन माझ्या हातात कागद पडला.

"विषय : चिवडा (श्वान, नर) याचे वर्तनाबाबत. उपरोक्त विषयान्वये आपणास कळविण्यात येते की, सदर श्वान दोरी ओढत असल्याने एका ज्येष्ठ नागरिकास मेथीवर बसावे लागले. तरी सात दिवसांचे आत सदर श्वान घर ते महादेव मंदिर व परत, दोरी न ताणता चालेल अशी तजवीज करावी. अन्यथा त्यास मौजे लिंबागणेश येथील श्री. शिवशंकर यांचे शेतावर कायमस्वरूपी वर्ग करण्यात येईल." खाली सही. सहीच्या खाली 'प्रत माहितीस्तव : सौ. वत्सलाबाई, स्वयंपाकघर'.

मला पोच म्हणून सही करावी लागली. आईनं तिची प्रत डब्याखाली घातली, डबा हालत होता म्हणून.

शिवशंकर म्हंजी माझा मामा. माणूस वाईट न्हाई. पण मामाच्या शेतावर दोन वर्षात तीन कुत्री झाली. पहिलं रस्त्यावर गेलं, दुसरं विहिरीत गेलं, तिसरं कुठं गेलं ते विचारलं की मामा नुसता डोंगराकडं हात करतो. अन् आमचा चिवडा कुलर लावला तरी दचकतो. झोपताना माझ्या पायावर हनुवटी ठेवल्याशिवाय त्याला झोप येत न्हाई. खरं सांगायचं तर मला पण येत न्हाई. त्याला डोंगराच्या बाजूला पाठवायचं म्हंजी काय ते मला कळत होतं. आण्णांना पण कळत असंल, पण नोटिशीत तसला रकाना नसतो.

मी काही कुत्री शिकवलेला माणूस न्हाई. जे काही येतं ते मोबाईलवर बघून येतं, फॉर्म भरायचं सुद्धा. मंगळवारी सकाळपर्यंत मी नऊ व्हिडिओ बघितले. त्यातला एक माणूस मला पटला. हिरवंगार लॉन, पांढरे बूट, सोनेरी कुत्रं. तो म्हणला, कुत्रं ओढायला लागलं की तुमी झाड व्हा. जागेवर थांबा. बोलू नका, हालू नका. मग दोन पावलं मागं जा. दोरी ढिली झाली की शाबासकी अन् खाऊ द्या, मग पुढं चाला.

सोपं होतं. घरातून निघालो अन् झाड झालो. दोन पावलं मागं, चार पुढं, परत झाड. आमच्या दारापासून समोरच्या रुक्मिणीकाकूंच्या ओट्यापर्यंत चाळीस फूट अंतर हाय. तिथं पोचायला मला पंचवीस मिनिटं लागली. अन् काकूंच्या ओट्यावर एक मांजर बसतं, त्याच्यामुळं तिथं चिवड्याचा जोर सगळ्यात जास्त. म्हणून मी झाड झालो ते जास्त करून काकूंच्या ओट्यासमोरच झालो. मंगळवारी अकरा वेळा. बुधवारी सकाळी नऊ वेळा.

मी त्या लॉनवाल्या माणसाला दोष देत न्हाई. त्याच्या लॉनवर कुणाचा ओटा नव्हता.

काकूंचा ओटा रस्त्यात तीन फूट पुढं आलेला हाय. आलाय म्हंजी आणलाय. अन् त्याच आठवड्यात गावात चर्चा होती की रस्त्यावरचे ओटे, पायऱ्या सगळं निघणार. आता काकूंनी काय बघितलं? सरकारी माणसाचं पोरगं हातात दोरी घेऊन सारखं आपल्या ओट्यापुढं येतंय. थांबतंय. खाली बघतंय. दोन पावलं मागं जातंय, परत पुढं येतंय, परत थांबतंय. वर 'शाब्बास' म्हणतंय.

मंगळवारी संध्याकाळी आमच्या घरी धपाटे आले. ताट भरून, वर दही, कडंला ठेचा. काकू आईला म्हणल्या, सहज केलते. बुधवारी सकाळी मी ओट्यापुढं झाड झालो तर काकू स्वतः बाहेर आल्या, माझ्या हातात गरम धपाटं दिलं अन् चिवड्याला पण एक घातलं. मला वाटलं काय माया हाय शेजाऱ्यांची. चिवड्याला काय वाटलं ते मला उशिरा कळलं. त्यानं हिशोब असा लावला की ओढलं की सत्या, म्हंजी मी, थांबतो, अन् सत्या थांबला की आतून धपाटं येतं. तवापासून तो त्या ओट्याकडं रेल्वेच्या इंजिनासारखा निघायला लागला.

बुधवारी दुपारी ठोकाठोकीचा आवाज आला. काकूंचा हरिओम हातोडा घेऊन स्वतःच्याच ओट्याचा कोपरा फोडायलाय. मी कौतुकानं बघायला गेलो. हरिओमनं घाम पुसला.

"काय बे, झालं का समाधान? का अजून एक फूट काढू?"

मी म्हणलं, तुझा ओटा, तुला वाटंल तेवढा काढ. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी चिवड्याला उचलून घरात गेलो. आई विचारपूस करून आल्यावर मला सगळा उलगडा झाला. मी परत जाऊन काकूंना सांगितलं की काकू, मी ओटा मोजत नव्हतो, कुत्रं शिकवत होतो, व्हिडिओत तसं सांगितलंय. काकूंनी सगळं ऐकून घेतलं, मान हालवली अन् म्हणल्या, "व्हय बाळा, आण्णांना सांग, आमी काही विरोधात न्हाई." अन् अजून चार धपाटे बांधून दिले.

हे सगळं शेजारच्या घरापुढं खुर्ची टाकून बबनराव आबा बघत होते. आबांची सारी जिंदगी बैलात गेली. आता पोरानं ट्रॅक्टर घेतला, बैल विकले अन् आबांना गावात आणून खुर्चीवर बसवलं. दिवसभर रस्त्याकडं बघतात. मोटरसायकल गेली तरी त्यांची नजर चाकाकडं न्हाई, चालवणाऱ्याच्या खांद्याकडं असती. दोन दिवस त्यांनी माझं झाड होणं सहन केलं. बुधवारी संध्याकाळी काठी टेकत आले.

"सत्या, लेका, जनावर वढतंय म्हणून माणूस थांबतो का? तू थांबला की त्याला कळतंय, ह्या गड्याला काम न्हाई."

मी म्हणलं, मग काय करू आबा. आबांनी चिवड्याच्या नाकाकडं थोडा वेळ बघितलं. वेसण घालायला जागा न्हाई ह्याचं त्यांना वाईट वाटलेलं दिसलं. मग त्यांनी त्याच्या छातीवर हात फिरवला अन् त्यांच्या तोंडावर एकदम उजेड पडला. म्हणले, ह्याच्या अंगात रग हाय. रग वजनानं जाती. माझ्या हातनं चौदा खोंडं शिकली, एकाला चाबूक दावला न्हाई. आधी ओंडका वढायला लावायचा. ओंडका वढला की जनावर आपसूक शहाणं होतं.

आता तुमीच सांगा. एकीकडं एक कुत्रं शिकवलेला पांढऱ्या बुटाचा माणूस, दुसरीकडं चौदा खोंडं शिकवलेले आबा. मी आबांच्या बाजूला गेलो. कुणी पण गेलं असतं.

आबांनी माझ्या जुन्या शाळेच्या दप्तराचे पट्टे काढून, आतून गोणपाट लावून चिवड्याच्या छातीला बसंल असा सरंजाम शिवला. गळ्याला काचू नये म्हणून. त्या म्हाताऱ्याची बोटं थरथरतात, पण सुई हातात घेतली की थांबतात. गुरुवारी पहाटे कॉलनीच्या मागच्या कच्च्या रस्त्यावर आमी गेलतो. आधी सायकलचा टायर बांधला, मग बाभळीचा ओंडका. मला वाटलं होतं चिवडा भिऊन बसंल. चिवडा जन्मात एवढा खूश झाला नव्हता. शंभर पावलं ओढायचा, मागं वळून बघायचा, ओंडका यायलाय का, यायलाय, मग परत. आबा बाजूनं चालताना त्याच्याशी बोलत होते, हळू, लई नको, दम धर राजा. परत आल्यावर त्यांनी त्याला गुळाचा खडा चारला, पाय दाबून दिले अन् मला म्हणले, खांदा भरायलाय.

खांदा खरंच भरत होता. गुरुवारी संध्याकाळी मी त्याला ओंडक्याशिवाय, नुस्ती दोरी लावून बाहेर काढलं. आमच्या गेटपासून मेन रोडपर्यंत मी पाय न उचलता गेलो.

तवा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या जिल्ह्यात जनावराला ओढायला शिकवणारे हजारो लोक हायेत. नांगर ओढ, वखर ओढ, गाडी ओढ, उसाची टायरगाडी कारखान्याला ओढ. पिढ्यान् पिढ्या हेच शिकवलंय. न ओढायला शिकवणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात एक न्हाई. कावून असंल? तसलं जनावर पाळतंय कोण. मी हे आबांना जाऊन सांगितलं. आबांनी लई विचार केला अन् म्हणले, "न वढणारं जनावर? मी बघितलंय एक. आजारी व्हतं ते."

मी तिथंच थांबायला पाहिजे होतं. पण आबा म्हणले की चूक पद्धतीत न्हाई, वजनात हाय. ओंडका हलका पडला. एकदा खरं वजन लावलं की दोन दिवसात दोरी ढिली सोडंल. बैल गेल्यापासून खुर्चीवर बसलेला माणूस दोन दिवस ताठ चालत होता. त्याला न्हाई म्हणायचं माझ्या जिवावर आलं. मी कॉलनीत बांधकाम चालू असलेल्या घरमालकाला विचारून अर्धं पोतं वाळू घेतली.

होय, वाळू. गेवराईत. गोदावरीच्या अंगाला राहून मला हे सुचायला पाहिजे होतं.

शुक्रवारी उजाडता उजाडता आमी निघालो. पुढं चिवडा, मागं पोतं, बाजूला आबा, सगळ्यात मागं मी. पोत्याला खालून भोक पडलं हे कुणाच्या ध्यानात आलं न्हाई. मागं वाळूची बारीक रेघ पडत गेली, मेन रोडच्या कोपऱ्यापासून थेट आमच्यापर्यंत. अन् रात्रभर चोरट्या वाळूच्या गाड्या धुंडाळून परत चाललेल्या सरकारी पथकाला ती रेघ दिसली.

जीप आमच्या मागं हळूहळू, लाईट बंद करून आली. दोघं उतरले. त्यातले साहेब मला म्हणले, गाडी कुठं गेली. मी म्हणलं कुठली गाडी. ते म्हणले वाळूची. मग त्यांनी बॅटरीचा उजेड रेघेवर धरला अन् पुढं नेत गेले. रेघ पोत्यापाशी संपली. पोत्याची दोरी चिवड्यापाशी संपली. चिवडा शेपूट हालवत होता. साहेबांनी बॅटरी बंद केली.

हाताखालचा माणूस हळूच म्हणला, "साहेब, वाहतूक तर हाय."

साहेबांनी जीपच्या बॉनेटवर फॉर्म ठेवला. पहिल्यांदा 'वाहनाचा प्रकार' ह्या रकान्यापाशी अडलं. आबांनी मदत म्हणून सांगितलं, लिवा, एकबैली गाडी, बैल सोडून. 'चालक' विचारल्यावर मी आबांकडं बोट केलं अन् आबांनी माझ्याकडं. वाळू किती हे तिथं ब्रासमध्ये लिहायचं असतं, एक ब्रास म्हंजी शंभर घनफूट. त्या माणसानं मोबाईलवर गणित केलं, टिंबाच्या पुढं एवढी शून्यं आली की त्यानं साहेबांना दाखवलं, अन् मग साहेबांना हसू आवरलं न्हाई. माणूस चांगला होता. फॉर्म फाडला. माझ्याकडून एक जबाब लिहून घेतला की 'वाळू कुत्र्याला शिस्त लावण्याकामी वापरली, परत नेऊन टाकतो', नाव-पत्ता लिहायला लावला अन् गेले. मी म्हणलं सुटलो.

नऊ वाजेपर्यंत गावात बातमी होती की गहिनीनाथच्या, म्हंजी आमच्या आण्णांच्या, पोराला वाळूत धरलं. दहा वाजता माझ्या दुकानात आलेल्या एका पोरानं मला विचारलं, दादा, तुमचे टिप्पर किती हायेत. साडेदहाला अमरसिंहाचा आण्णांना फोन आला, सर, काही मदत लागली तर सांगा. आधी 'जपून', आता 'मदत'. आण्णांनी फोन ठेवला, चष्मा पुसला अन् रजिस्टर उघडलं.

"शुद्धिपत्रक. दि. सोमवार रोजीच्या नोटिशीत 'सात दिवसांचे आत' असे नमूद आहे, त्याऐवजी 'पाच दिवसांचे आत' असे वाचावे."

म्हंजी उद्या. मामाला पण त्यांनी फोन केला, जावक नंबर टाकून. मामा म्हणला सकाळी आठच्या आत पिकअप घेऊन येतो, साखळी माझ्याकडं हाय.

मी आण्णांना म्हणलं, दोन दिवस तरी द्या. ते म्हणले, लेखी दे. मी दुकानात जाऊन अर्ज टाइप केला, प्रिंट काढली, आणून दिली. त्यांनी आवक नंबर टाकला, चष्मा लावून सगळा वाचला, एक ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केला अन् कडंला लिहिलं, 'विचार करता येत नाही'. त्या रात्री चिवडा नेहमीसारखा माझ्या पायावर हनुवटी ठेवून झोपला. मी पाय हालवला न्हाई. मुंग्या आल्या तरी न्हाई.

शनिवारी सकाळी सात वाजता परीक्षा. आण्णांनी दोन पंच नेमले, एक बबनराव आबा, दुसऱ्या रुक्मिणीकाकू. आण्णा इस्त्रीच्या पँटीत, शर्ट खोचून, पायात कॅनव्हासचे बूट. मी दोरी धरायला गेलो तर त्यांनी हात पुढं केला. म्हणले, तक्रारदार मी, दोरी माझ्या हातात. मी म्हणलं आण्णा, तुमी नका धरू, तुमाला माहीत न्हाई गेल्या दोन दिवसात काय झालंय. ते म्हणले, "पडतो का काय मी?" पाच दिवसात पहिल्यांदा मला कळलं की हे एकट्या कुत्र्याचं प्रकरण न्हाई.

आण्णांनी दोरीचा मनगटाला एक वेढा घेतला. पहिलं पाऊल त्यांनी स्वतः टाकलं. पुढची चिवड्यानं टाकली.

तुमी कधी आवक-जावकचा माणूस पळताना बघितलाय का? आमच्या गल्लीनं बघितला नव्हता. आधी त्यांनी मागं रेलून बघितलं, ओंडका रेलला तरी चिवडा थांबत न्हाई, आण्णा तर त्यापेक्षा हलके. मग ते झटपट चालायला लागले, मग उड्या मारायला लागले, मग सरळ पळायला लागले. मी मागं. माझ्या मागं आबा काठी खांद्यावर टाकून, पंच असल्याचं विसरून, वा रे माझ्या खोंडा म्हणत. काकू हरिओमच्या मोटरसायकलवर मागं बसून बाजूनं निरीक्षण करायलेल्या.

भाजी बाजारात मेथीवाल्या मावशीनं आमाला लांबूनच ओळखलं अन् दोन्ही हातांनी ढीग पोटाशी घेतला. चहाच्या गाड्यावर अमरसिंह होता. हातात ग्लास घेऊन तो उठला, म्हणला सर. आण्णांना थांबता येत नव्हतं. त्यांनी मान वळवून पळता पळता सांगितलं,

"कामात हाय."

महादेवाच्या देवळात चिवडा आपणहून थांबला. पुढं दगडाचा नंदी होता. दोन दिवस बैलाचं शिक्षण घेतल्यामुळं का काय, त्यानं नंदीचा वास घेतला अन् त्याच्या शेजारी बसला. आण्णा पायरीवर टेकले. केस उभे, शर्ट बाहेर, एक बूट बाजारात राहिलेला. मी वाट बघत होतो, आता फुटतील. त्यांनी दम घेत विचारलं, किती वाजले. मी म्हणलं सात वाजून पाच. निघालो कधी? सातला. त्यांनी खिशातला पेन काढला, तळहातावर लिहून ठेवलं. म्हणले, चालत आलो की मला अठरा लागतात. अन् मोजा घातलेल्या पायाची बोटं हालवून बघत बसले, नवीन मिळाल्यासारखी.

मग एकदम उठले. नोटिशीत 'व परत' लिहिलंय.

परत पण तसंच. बाजारातला बूट उचलून मी मागून पळालो.

आमच्या दारात पंचनामा सुरू झाला. काकूंनी आधी सांगून टाकलं, दोरी कुठं ताणली, नुसती लोंबत व्हती बया, मी ह्या डोळ्यांनी बघितलं. माझ्या जिवात जीव आला. पण आबांना ते झोंबलं. "लोंबत? अशी वढ मी वीस वर्षात बघितली न्हाई. तार व्हती, तार." मी आबांना डोळ्यांनी खुणावतोय, हात जोडतोय. आबा माझ्याकडं बघायलाच तयार न्हाईत. त्यांच्या चेल्याचा अपमान झालेला. काकू म्हणल्या, माझे डोळे फुटले न्हाईत. आबा म्हणले, फुटले न्हाईत, ओट्यावर लागलेत. आण्णा दोघांचं शांतपणे लिहून घेत होते, त्यांच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात.

तेवढ्यात पिकअप आली. मामा उतरला, हातात साखळी. चिवडा त्याच्याकडं शेपूट हालवत पळाला, ह्या येड्याला कोण कशाला आलंय हे पण कळत न्हाई. मामा म्हणला, आटपा भाऊजी, लाईट जायच्या आत मला मोटर चालू करायची हाय. मी चिवड्याची दोरी हाताला गुंडाळून घेतली अन् पळत स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो.

"आई, काहीतरी बोल ना."

आई भाकरी थापत होती. वर बघितलं न्हाई.

"तेहेतीस वर्षात तुझ्या आण्णांनी एक फाईल बंद केलेली मला दाखव," ती म्हणली अन् भाकर तव्यावर टाकली.

बाहेर आण्णा उभं राहून वाचत होते. पंच क्रमांक एक यांचे म्हणणे, दोरी ताणलेली होती. पंच क्रमांक दोन यांचे म्हणणे, दोरी ताणलेली नव्हती. सबब पंचांमध्ये एकवाक्यता नाही.

मामा म्हणला, म्हंजी?

"म्हंजी कारवाई करता येत न्हाई. फेरचौकशी लावावी लागती."

मामा शेतकरी माणूस, सरळ बोलतो. म्हणला, "भाऊजी, दोरी तुमच्याच हातात व्हती की. तुमाला कळलं न्हाई का, ताणली का न्हाई ते?"

आण्णांच्या मनगटावर दोरीचा लाल वळ उठला होता. त्यांनी शर्टाची बाही खाली ओढली, बटन लावलं.

"मी तक्रारदार हाय. तक्रारदाराला साक्ष देता येत न्हाई."

मामानं साखळीकडं बघितलं, चिवड्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग साखळी पिकअपमध्ये टाकली अन् जेवायला आत गेला.

ह्याला आता अडीच महिने झाले. दर शनिवारी फेरचौकशी होती. पंच तेच, रस्ता तोच. आबांचं म्हणणं तार, काकूंचं म्हणणं लोंबती, दोघं एकमेकांना हटत न्हाईत. आठवड्यातले बाकीचे दिवस आण्णा चिवड्याला घेऊन सहा वाजता निघतात, त्याला ते पूर्वतयारी म्हणतात. बुटाला आता दोन गाठी मारतात. मी एकदा गुपचूप फाईल उघडून बघितली. शेवटची नोंद अशी : 'दोरी, मतभेद कायम. वेळ, तीन मिनिटे पन्नास सेकंद. मागील तारखेच्या तुलनेत समाधानकारक सुधारणा.'

परवा मी त्यांना म्हणलं, आण्णा, मला आता खरा उपाय सापडलाय. अंबाजोगाईचा एक कुत्र्याचा डॉक्टर फोनवर बोलला, चार दिवसात चिवडा ओढायचं बंद करंल, लिहून देतो म्हणतो.

आण्णांनी पेनाला टोपण लावलं अन् चष्म्याच्या वरून माझ्याकडं बघितलं.

"प्रकरण चौकशीत हाय," ते म्हणले. "मधी हात घालायचा न्हाई."